हिमालयाचे मास्तर

श्यामकांत हर्डीकर मूळचा अमळनेरचा. थंडी म्हणजे काय, हे त्याला फ्रँकफर्टला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आल्यावर कळलं. घरमालकीण कोळसा इतका जपून जाळायची, की एकसष्टच्या डिसेंबरात त्याच्या पेनातली शाई गोठली. अशात विद्यापीठात ऑस्ट्रियातल्या स्वस्त स्की-सहलीची जाहिरात लागली: बस, जेवण, रोज नाचगाणी आणि गरम खोली. श्यामकांतने शेवटचे दोन शब्द वाचून नाव दिलं. बर्फाच्या वाटेला जायचंच नाही, खोलीत बसून प्रबंध लिहायचा, एवढाच त्याचा बेत.

पण तो देश चिमुकला, त्यात ते डोंगरातलं खेडं. इंडियाचा, म्हणजे हिमालयातला माणूस आलाय, ही बातमी लगेच घरोघर गेली. त्यातच तिथल्या स्कीच्या मास्तरांनी पाय मोडून घेतला, तोही बर्फावर नव्हे, टेबलावर चढून नाचताना. तेव्हा खानावळीचा मालक श्यामकांतकडे आला. आपल्याला यातलं काही येत नाही, आपल्या गावी उन्हाने डांबर वितळतं, असं श्यामकांतने परोपरीने सांगितलं. खरा उस्ताद असाच नम्र असतो, असं म्हणत मालकाने त्याला टेकडीवर नेऊन उभं केलं.

समोर बसभर जर्मन मंडळी. श्यामकांतला स्कीचं पुढचं टोक कुठलं, तेही ठाऊक नव्हतं. शेवटी त्याने सगळ्यांना स्की काढायला लावल्या, दोन स्की खांबांसारख्या बर्फात रोवल्या आणि मधे माणसं ओळीने उकिडवी बसवली, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. शाळेत तो खो-खो बरा खेळायचा.

बाड हॉम्बुर्ग गावचे लोरेन्त्ससाहेब बँकेत मोठे अधिकारी. त्यांनी विचारलं, "यात स्की कुठे आहे?"

"ती नंतर. आधी बसता आलं पाहिजे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत लोरेन्त्स बसले.

पाठलाग करणाऱ्याने उलट वळायचं नाही, हा नियम तर मंडळींना फारच पटला. एक बाई चुकून वळल्या, तर अख्खी रांग त्यांच्यावर रागावली. आठवडाभर टेकडी 'खो'ने दुमदुमली, आणि कुणाचंही हाड मोडलं नाही. पुढल्या वर्षी बसवाल्यांनी हिमालयी पद्धतीचं शिक्षण म्हणून जाहिरात केली आणि श्यामकांतला फुकट नेलं. मग दरवर्षीच.

चौसष्टला लग्न होऊन मालिनी आली. नवऱ्याला मास्तर-मास्तर म्हणणारा तो गाव बघून तिने हळूच विचारलं, "अहो, तुम्हाला हे स्की येतं तरी का?"

"नाही."

"मग कुणी काही म्हणत नाही?"

"स्की शिकवा असं कुणी म्हणतच नाही."

मालिनीने कोटाखाली पदर खोचला आणि पळायला उतरली. तिने अशा काही हुलकावण्या दिल्या, की लोरेन्त्स तोंडावर आपटले आणि उठून त्यांनी तिच्याशी आदराने हात मिळवला.

अडुसष्टच्या हिवाळ्यात त्यांची तीन वर्षांची शुभा कुणाच्या तरी छोट्या स्की पायात अडकवून उतारावरून सुसाट निघाली. आई-बाप घाबरून मागे धावले, पहिल्याच पावलाला पडले आणि बसल्या बसल्याच घसरत खाली गेले. पोरगी पायथ्याशी हसत उभी होती. वर टेकडीवरून सगळा वर्ग हे बघत होता. या वर्षी अभ्यासक्रम बदललेला दिसतो, असं लोरेन्त्स शेजाऱ्याला म्हणाले. मग त्यांनी टोपी घट्ट केली, खाली बसले आणि घसरायला सुरुवात केली. त्यांच्या मागोमाग, ओळीने, बाकीचे.