लुगड्यामागचा कर्णा

मागच्या रविवारी मी वाद जिंकलो आणि तेव्हापासून माझं डोकं सुन्न आहे.

वाद स्पीकरचा. मी आणि माझे दोन मित्र, तिघेही या नादापायी अर्धा पगार उडवणारे. त्यांचं म्हणणं, कर्ण्याचा स्पीकर म्हणजे नाक चिमटीत धरून गायलेलं गाणं. माझं म्हणणं, कर्ण्यातून गाणारा पुढ्यात येऊन बसतो, तुमच्या खोक्यांतून तो शेजारच्या खोलीत गातो. कुणी तसूभर हटायला तयार नाही. मी तर हट्टाने लाकडाचे दोन मोठे कर्णे घडवून घेतले. कोळवणचं आमचं घर भातखाचरांत एकटंच आहे, त्यामुळे आवाजाला आडकाठी नाही. कर्णे आले तेव्हा आई म्हणाली होती, "लग्नाच्या मांडवातलं घरात कशापायी आणलंस?"

शेवटी ठरलं, निकाल आईने द्यायचा. तिला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे तिचा कान निर्मळ, एवढ्यावर मात्र तिघांचं एकमत झालं. मित्र पुण्याहून आपले स्पीकर गाडीत घालून आले. आईचंच जुनं लुगडं दोरीवर टाकून पडदा केला, मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला आणि आईला समोर खुर्चीत बसवलं. एकाच बाईचं एकच गाणं, आधी एका स्पीकरवर, मग दुसऱ्यावर, क्रम बदलत, असं सहा वेळा.

सहाही वेळा आईने कर्णाच निवडला. विचार करायलासुद्धा थांबली नाही. मित्रांची तोंडं पाहण्यासारखी झाली. "आता बोला!" म्हणून मी टाळी पिटली.

एका मित्राने तिच्यासमोर वाकून विचारलं, "काकू, पण ओळखता कसं?"

"वळखायचं काय त्यात? ह्यातलं बाईचं शब्द कळत्यात. दुसऱ्यात नुसतं गुंऽ गुंऽ व्हतंय."

मी आईच्या खुर्चीमागे गेलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "आई, चहा टाकतेस का?"

ती लुगड्याकडे बघत बसली. मी पुन्हा म्हणालो. तिची मान वळली नाही.

हाकेला ओ देत नाहीस, मुद्दाम करतेस, म्हणून मी गेल्याच आठवड्यात तिच्यावर खेकसलो होतो. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत का, असंही विचारलं होतं, आणि तेही टोमणा म्हणून. स्पीकरमधली केसाएवढी खरखर मी दुसऱ्या खोलीतून ओळखतो, याची केवढी मिजास होती मला!

पुढे येऊन तिच्यासमोर बसलो. मोठ्याने विचारलं, "कधीपासून गं?"

"झाली की दोन वर्सं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं की," आई म्हणाली. "तवा तू गाणं ऐकत व्हतास."