काकांची पोटरी

काका बसत नसत. पोहे उभ्याने, चहा उभ्याने, पेपर खिडकीशी उभ्याने. पाहुणे आले की पाहुणे सोफ्यावर आणि काका भिंतीला टेकून. समोरचा अवघडून उठायला लागला की म्हणायचे, "बैठो भिया, तुम्ही बसा. आपलं बसायचं काम नाही." सांवेर रोडच्या पाइपच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते. तिथे त्यांना मिळालेल्या खुर्चीवर त्यांचा डबा बसायचा. लग्नात होमापुढे यांना बसवता बसवता भटजींनाच घाम फुटला होता, असं काकू सांगायची.

असल्या माणसाला लकवा झाला. रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं. मी त्यांची पुतणी, नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहत होते, म्हणून सगळं जवळून पाहिलं. डावी बाजू गेली. हात काही परत आला नाही. पाय आला, पण लाकूड होऊन आला. पोटरी दगड, टाच अधांतरी, पाऊल आत वळलेलं, आणि बोटं अशी मुडपलेली की नखं तळव्यात रुतायची. तरी त्याच ताठ पायावर भार टाकून, उजव्या हातात काठी घेऊन काका उभे राहिले. भिंतीच्या कडेने बाथरूमपर्यंत जाऊ लागले. दार लावून घ्यायचे आणि आतून ओरडायचे, "कुणी यायचं नाही!" आम्ही दोघी बाहेर जीव मुठीत धरून. देवाकडे, डॉक्टरकडे, आमच्याकडे त्यांची एवढीच मागणी होती. तिथे एकट्याने जाता आलं पाहिजे.

पण पाय छळायचा. पोटरीत गोळे येत. काकू तेल चोळता चोळता पायालाच विनवायची, "सैल हो रे बाबा, सैल हो." स्लीपर पायात राहायची नाही, त्यात काका दोनदा पडले. शेवटी विजय नगरच्या एका डॉक्टरांनी पोटरीत बोटॉक्सची इंजेक्शनं सुचवली. काका एकदम खूश. "हिरॉइनी तोंडाला टोचून घेतात तेच ना? मग आता लोकांनी माझी पोटरीच पाहावी."

डॉक्टर भला माणूस होता, त्याने काही लपवलं नाही. "काकाजी, पिंडली ढीली होगी तो एड़ी ज़मीन पर टिकेगी, दर्द भी जाएगा. पर अभी आपका घुटना इसी अकड़ के सहारे खड़ा है. पैर कच्चा पड़ सकता है." पोटरी सैल झाली तर गुडघा भार पेलणार नाही, हे काकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "टाच टेकली ना, की बाकी मी बघतो."

टाच टेकली. थोड्याच दिवसांत पाऊल सपाट झालं, बोटं उलगडली, काकूने कौतुकाने त्यांची नखं कापली. चप्पल बसली. ती घालून काका उठायला गेले आणि गुडघाच दुमडला. पुन्हा उठले, पुन्हा तेच. फिजिओथेरपीवाली रोज यायची, पायाला पट्टा बांधायची. काका घामाघूम होईपर्यंत कसरत करायचे, कधी कंटाळा केला नाही. पाय ऐकेना, दिवस खुर्चीत जायचा. बाथरूमला काकू न्यायची आणि दार उघडं राहायचं. काका मान खाली घालून जायचे, तसेच यायचे. दुखत नव्हतं, एवढंच.

इंजेक्शनचा असर तीन-चार महिन्यांत उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. मग आमच्या घरात एक भलतंच वाट पाहणं सुरू झालं. ज्या पोटरीला काकू सैल हो म्हणून विनवायची, तीच आता रोज सकाळी दाबून पाहायची. "आज जरा कडक लागून राहिली ना गं?" मीही दाबायची. कणकेसारखी मऊ. मी म्हणायची, "हो काकू, थोडी." दुखणं परत यावं म्हणून तिने नवस बोलला होता, हे मला नंतर कळलं. मला तेव्हा सगळ्यांचाच राग यायचा. देवाचा, डॉक्टरचा, त्या मऊ पोटरीचाही.

आणि ते परत आलं. पोटरी दगड झाली, टाच उचलली गेली, बोटं मुडपली. काकूचा चेहरा किती दिवसांनी उजळला! आम्ही दोघींनी काकांना उभं केलं. डावा पाय पूर्वीसारखा खांब होऊन राहिला. लटपटायला लागला तो उजवा, धडधाकट म्हणवणारा पाय. इतके महिने खुर्चीत काढून त्याच्यात काही उरलंच नव्हतं. काकांना आवडत नाही म्हणून काकूने मुद्दाम हात काढून घेतला. तसे काका तिच्या खांद्यावर कलंडले आणि म्हणाले, "सोडू नको. धरून ठेव."

त्यानंतर त्यांनी काठी मागितली नाही. पुढच्या इंजेक्शनलाही नको म्हणाले. नखं पुन्हा तळव्यात रुतू लागली, काकूचं तेल पुन्हा सुरू झालं, पण आता ती पायाशी काही बोलत नसे. संक्रांतीच्या आधी काका न्यूमोनियाने गेले. भेटायला येणारा जो तो काकूला म्हणे, "सुटले बिचारे." ती मान हलवायची. मला मात्र अजून तो शब्द ऐकला की चीड येते. त्यांना सुटायचं नव्हतं. त्यांना बाथरूमला एकट्याने जायचं होतं.