तळाला चिकटलेलं औषध

सुप्याच्या एमआयडीसीत नवीन औषधं शोधायची एक प्रयोगशाळा आहे, तिथे मी काचेची भांडी धुवायला होते. शाळा माझी चौथीपर्यंत, पण लेबलं बघून बघून एबीसीडी शिकले बरं का. तिथलं काम असं, की एकाच औषधात इथे थोडं जोडायचं, तिथे थोडं काढायचं, आणि अशी त्याची शेकडो भावंडं करून बोटाएवढ्या बाटल्यांत ठेवायची. त्या सगळ्या कपाटांना लायब्ररी म्हणायचे. त्यातलं कुठलं रोगाला लागू पडेल, कुणाला माहीत!

नेवाशाकडची एक पोरगी तिथे केमिस्ट होती, करारावर. चार महिने खपून तिने एक पदार्थ केला. त्याच्यावरच करार वाढायचा होता. शनिवारी तो तपासणीला जाणार, आणि शुक्रवारी सुटायच्या वेळी मला तिच्या टेबलावर बाटली दिसली. लेबल नाही, तळाला साय धरल्यासारखं काहीतरी. आता खरकटं भांडं तसंच टाकून निघायची आमच्यात रीत नाही. काच धुवायचं ॲसिटोन टाकलं, खळखळ हलवलं, पालथी घातली.

सकाळी ती म्हणाली, "मावशी, इथली बाटली?"

"धुतली की. रिकामीच व्हती."

तिने ती काट्यावर ठेवली. रिकाम्या बाटलीचं वजन आधीच वहीत लिहिलेलं असतं. काट्यावर तेवढंच आलं, म्हणजे तिचा पदार्थ सगळा धुऊन गेला होता. ती स्टुलावर बसली.

"वरड ना गं माझ्यावर."

"ओरडून परत येणारे का ते?"

साहेबांपुढे ती म्हणाली, "लेबल मीच लावलं नव्हतं, सर." मी म्हणाले, "धुतली म्या." साहेबांनी तिला दीड महिना दिला, तोच पदार्थ पुन्हा करायला. मला भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. काहीच आलं नाही.

मग मी प्रत्येक भांडं दाखवून तिला विचारायचे. "ही धुऊ?"

"धुवा."

"हे?"

"मावशी, तो माझा चहाचा कप आहे."

हसायला पाहिजे होतं. दोघीही हसलो नाही.

पदार्थ झाला, तपासणीला गेला, निकाल आला.

"लागू पडलं का गं?"

"नाही."

"मंग आता?"

"तरी लायब्ररीत ठेवायचं. हे लागू पडत नाही, हेही लिहून ठेवावं लागतं."

लेबल तिने लिहिलं, मी चिकटवलं. करार वाढला नाही. तिला नगरच्या गाडीत बसवून मी परत आले आणि राहिलेली भांडी धुतली.