सोडल्यावर सुजलेला पाय

भिवंडीजवळच्या अंजूरच्या शेतांवर नुकती गोदामं उभी राहू लागली होती, तेव्हाची गोष्ट. माझे धाकटे काका भिवंडीत कापडाच्या लूमवर शिफ्ट करत आणि उरलेल्या तुकड्यात भात पिकवत. कापणीत बांधावर त्यांच्या पायाला साप चावला.

शेजारच्या शेतातून भाऊ धावले. भाऊ म्हणजे अर्धी जमीन विकून लूम टाकलेले आणि पुढारी झालेले गृहस्थ. कमरेला मोबाइलचं पाकीट, मागे दोन माणसं. भारे बांधायला आणलेलं आपल्या लूमचं पॉलिस्टरचं सूत त्यांनी पदरावर पदर घेऊन काकांच्या गुडघ्याखाली असं आवळलं, की ते मांसात रुतलं. त्यांच्या माणसांनी मारलेला साप सुताच्या गोणीत घालून काका, काकू, भाऊ आणि मी रिक्षात बसलो.

धामणकर नाक्यावर ट्रक आडवा झाला होता. रिक्षा पुढे सरकेना, मागेही जाईना.

"पाय बधिर झाला," काका म्हणाले.

"म्हंजे विष अडकलंय. चांगलं लक्षण हाय," भाऊ म्हणाले.

"थोडं सैल करू या का?" मी विचारलं.

"तुझ्या पुस्तकात कर सैल. हितं न्हाय."

दवाखान्यात डॉक्टरांनी गोणीत डोकावून पाहिलं. "धामण आहे. बिनविषारी." मग त्यांनी सूत कापलं आणि पोटरी सुजायला लागली. थोड्या वेळाने काकांना वेदना सहन होईना.

काकू भडकल्या. "बांधला तवर पाय बरा व्हता. यांनी सोडला आन् सुजला!"

"विष मोकळं सोडलं यांनी," भाऊंनी निकाल दिला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "रक्त अडलं की स्नायू घुसमटतो. रक्त परत आलं की दुखावलेल्या पेशी मदतीला हाका मारतात. त्या हाकांनीच सूज येते."

मला दोघांचाही संशय होता. भाऊंचा सवयीने, आणि डॉक्टरांचा, कारण ज्याच्या हातून पाय सुजला त्याच्याकडेच इतकं सुबक स्पष्टीकरण तयार होतं. मी म्हटलं, "मदतच येतेय, तर घाबरायचं कशाला?"

"पोटरीवरचं आवरण ताणलं जात नाही. मदतीची एवढी गर्दी होते, की रक्तालाच वाट उरत नाही. नाक्यावरून आलात ना?"

नाक्यावरून आलो होतो, म्हणून पटलं. ते आवरण लगेच चिरून मोकळं करायचं होतं. काकू दारात आडव्या उभ्या. "आधी सुजवलं, आता चिराया निघालं!"

आत काकांनी एवढंच विचारलं, "लूमवर उभं ऱ्हाता येल?"

"चिरलं तर बहुतेक येईल. थांबलो तर पायाची खात्री नाही."

"मंग चिरा."

काका काही महिन्यांनी लूमवर परतले, किंचित लंगडत. त्यानंतर गावाने भाऊंचा सत्कार ठेवला, प्राण वाचवल्याबद्दल. व्यासपीठावर काकूंनी काकांचा लेंगा वर करून सुताचा काळा वळ सगळ्यांना दाखवला, पुरावा म्हणून. खालचा टाक्यांचा लांब व्रण मात्र त्यांनी हाताने झाकला. नारळ द्यायला काका उठले, तेव्हा माझ्या खांद्यावर भार टाकून कानात पुटपुटले, "शाल घेऊ दे याला. याच्या घरचं सूत तेवढं कुठं तरी लपव."

आणि अगदी सरळ उभे राहून त्यांनी भाऊंच्या हातात नारळ दिला.