कमळ धरलेली मूठ

गिरजावैनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तूर पाखडत होते. सूप खाली ठेवलं नि गेले. रडले नाही... तिला रडणं आवडायचं नाही.

तिच्या बैठकीत तिचं तरुणपणीचं चित्र आहे. मान वळवलेली, हातात कमळ. बघणारे म्हणतात, साजणाची वाट बघते, कमळ म्हणजे तिचं काळीज. तिची शिकलेली सूनही तेच सांगते. ते चित्र काढलं तेव्हा मी तिथं होते, दहा वर्षांची.

निजामाचं राज्य होतं. माझ्या थोरल्या भावानं देशमुखांच्या बैठकीत एका बाईचं चित्र पाहिलं नि आपल्या बायकोचंही काढायचं ठरवलं. हाच भाऊ तिला बैलाच्या चाबकानं मारायचा. आई वारली होती, सोडवणारं कुणी नव्हतं. मस्तगडातून नाटकाचे पडदे रंगवणारा चितारी आला. वैनी नुकतीच कडवळ कापून आल्ती, हातात विळा तसाच.

"बाई, इळा खाली ठिवा. कमळ दाखवायचंय."

"तुमी काय बी दाखवा. इळा न्हाई ठिवत मी."

भाऊ दारात बसला होता, चाबूक मांडीवर. ती सारखी वळून त्याच्याकडं बघत होती. चित्रातली मान ती हीच.

चित्र झालं. भावानं बराच वेळ पाहिलं. "फूल कुणासाठी धरलंस गं? त्या चिताऱ्यासाठी?" पहिला फटका तिच्या कानावर बसला, रक्त मानेवर आलं. दुसऱ्यासाठी हात वर गेला नि तिनं विळा ओढला. भावाची दोन बोटं चुलीपुढं पडली. तो ओरडला, ती नाही.

"पुन्ना हात उचला. मंग बोटावर न्हाई थांबायची मी."

त्यानं उचलला नाही, मरेपर्यंत. कडबा तोडताना बोटं गेली असं गावाला सांगितलं. मीही आजवर तेच सांगत आले. ती त्याला भाकरी कुस्करून द्यायची. त्याला माया म्हणायचं का, मला माहीत नाही...

तेराव्याला पाहिलं तर सुनेनं चित्राला मोठा हार घातलेला, हात पुरा झाकलेला. फुलाचा देठ कुणी असा धरत नाही. अंगठा बोटांवर घट्ट दाबलेला, मनगट आत वळलेलं. कापणीला जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. मी हार वर ओढून खिळ्याला गाठ मारली.

"आत्याबाई, आखूड झाला की हार."

"होऊ दे. मूठ दिसली पायजे."