गुरू जागचा हलला नाही

मी सांगलीचा. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे भूतबित ऐकलं की मला हसूच येतं. त्यात आमचा छंदच असा, की अमावस्येला लोक दारं लावून घेतात तेव्हा आम्ही दुर्बिणी घेऊन माळावर! इतक्या अमावस्या उघड्यावर काढल्या... थंडी सोडून कुणीही भेटलं नाही. म्हणूनच हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही तिघं. साताऱ्याचा अशोक — फौजेतून रिटायर झालेला — मेढ्याचा प्रताप आणि मी. मेढ्याच्या वरच्या अंगाला प्रतापचं रान आहे, गावाचे दिवे डोंगराआड राहतात. हिवाळ्यात आमचा मुक्काम तिथेच. शेकोटी करायची नाही, कारण उजेडाने डोळे दिपतात. लाल कागद लावलेली बॅटरी, कानटोप्या, थर्मासमधला चहा आणि अखंड थट्टा... काय रात्री होत्या त्या! आठवलं तरी जीव हळहळतो.

अशोकची दुर्बीण त्याच्या हातची. आरसा घरीच घासलेला, नळी लाकडी पेटीवर बसवलेली, मोटर वगैरे काही नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे अशा दुर्बिणीतून ग्रह मिनिटभरात सरकून दिसेनासा होतो. नळी सारखी हाताने ढकलावी लागते. दुसरं कोणी बघत असलं, की अशोक शेजारी उभा राहून नळीला दोन बोटं लावायचा आणि हलकेच ढकलत राहायचा. माझ्या मोटरवाल्या दुर्बिणीवर त्याचा भारी राग. "तुजी दुर्बीणच बगती रं, तू नुसता हुबा ऱ्हातूस," म्हणायचा.

मागच्या पावसाळ्यात अशोक गेला. हार्ट अटॅक. भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको, सुमनवहिनी, कोपऱ्यातल्या दुर्बिणीकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, ही कुनाला द्यायची त्येला द्या. पन आदी मला एकदा दावा. सुट्टीवर आले तरी हिच्यापायी रातभर भाईर. एवढं काय हुतं तितं, ते मला बगायचंय."

लग्नानंतर त्या एकदाच माळावर आल्या होत्या. अशोक तेव्हा नवशिका. वहिनी चष्मा सावरून वाकेपर्यंत गुरू निघून गेला. "काय दिसंना," म्हणाल्या, तर आम्ही सगळे हसलो, अशोकसुद्धा. त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि तेव्हापासूनच त्याला ती दोन बोटांची सवय लागली.

डिसेंबरात आम्ही वहिनींना माळावर नेलं. अंधार पडून थोडाच वेळ झाला होता, गुरू पूर्वेच्या डोंगरावर आला होता. मी दुर्बीण लावली आणि नवख्या माणसाला सांगतात तसं सांगितलं, "नळीला हात लावू नका." त्यांनी दोन्ही हात शालीत घेतले. गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ वाकून राहवेना, म्हणून मी आणि प्रताप जीपमधलं स्टूल आणायला गेलो. आल्यावर पुन्हा नेम धरू, असा हिशोब.

स्टूल सामानाखाली अडकलेलं. बराच वेळ गेला. परत येतो तर वहिनी तशाच वाकून डोळा लावून उभ्या.

"थांबा वहिनी, आता गेला असेल तो. परत लावून देतो."

"आवो भाऊजी, दिसतोय की! पट्टं हायत त्येच्यावर. आन बाजूला चार चांदण्या, वळीनं."

मी जागीच थबकलो. चार चंद्र, पट्टे... सगळं बरोबर होतं. प्रताप हळूच म्हणाला, "गड्या, नळी कोन ढकलतंय?"

कुणीच नव्हतं. वहिनींचे हात शालीतच. त्या बघत राहिल्या, आम्ही स्टूल धरून बघत राहिलो, आणि गुरू काही त्यांच्या डोळ्यापुढून जाईना. भीती नाही वाटली.

शेवटी वहिनींनी मान वर केली. डोळे पुसले आणि नळीच्या पलीकडे, जिथे कुणीच नव्हतं तिकडे बघून म्हणाल्या, "आवं, आता बास. बगितलं मी. त्यास्नी बी बगू द्या."

मी डोळा लावला. गुरू बरोबर मधोमध! आणि माझ्या देखत नेहमीसारखा सरकत सरकत कडेला गेला, नाहीसा झाला.

नळी घसरली असेल, असं मित्र म्हणतात. पण घसरणारी नळी खाली जाईल. उगवतीचा गुरू वर चढत असतो, आणि नळी मी लावली होती त्याहून वर गेलेली होती. वाऱ्याने म्हणावं, तर त्या रात्री पानही हलत नव्हतं. नंतर त्याच दुर्बिणीवर कितीदा करून बघितलं... दरवेळी ग्रह मिनिटभरात पसार.

घाट उतरताना मी विचारलं, "वहिनी, दुर्बीण कुणाला द्यायची मग?"

"कुनाला न्हाई. फुडल्या अमावस्येला मला न्यायला या," म्हणाल्या, आणि साताऱ्यापर्यंत शांत झोपल्या.

तेव्हापासून त्या दर वेळी येतात. उत्तर शोधून मी थकलो. वहिनींना मात्र प्रश्नच पडलेला नाही.