कढीपत्त्याचा फोटो

आमच्या बागेच्या ग्रुपवरचे लोक फटकळ आहेत. कुंडीचा फोटो टाकला की थेट निदान येतं, ‘पाणी जास्त घालताय.’ दुसरा ग्रुप स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांचा. आईमुळे मी तिथेही असते. तिथे कुणी कुणाची चूक काढत नाही.

काल घाईत कढीपत्त्याचा फोटो चुकून तिथे गेला. खाली लिहिलं होतं, ‘एवढं करूनही सुकत चाललंय.’ खताचा विषय कुणी काढला नाही. एका ताईंनी फक्त विचारलं, ‘तुम्ही जेवलात का?’

बागवाल्यांना रोप वाचवायचं असतं. या दुसऱ्या ग्रुपवरच्यांना ते वाचणार नाही हे ठाऊक असतं, म्हणून ते पाणी घालणाऱ्याला जपतात.

आज कुंडीला पाणी घातलं नाही. आईला भरवलं आणि स्वतःचंही ताट वाढून घेतलं.